तात्यांची शपथ आणि माझी मोठी ट्यूब

हे मी लिहावं असं आमच्या डॉक्टर मॅडमनी सुचवलं. त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बायका हात पदराखाली लपवून बसलेल्या असतात. त्यांच्यातल्या एखादीला तिच्या मुलीने हे वाचून दाखवलं तरी पुष्कळ झालं, असं त्या म्हणाल्या. मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि परीक्षेतली उत्तरं सोडली तर मी इतकं सलग कधी लिहिलेलं नाही. जसं आठवतं तसं लिहिते.

आजार तसा मोठा नव्हता, हे आधीच सांगते. वॉर्डात माझ्या शेजारी खरोखर मोठे आजार होते, आणि त्यांच्यापुढे हात दाखवायची मला लाज वाटायची. पण हात बिघडल्यावर माणसाचं काय काय अडतं, ते मला त्याआधी माहीत नव्हतं. भाकरी मोडता येत नाही. वेणी घालता येत नाही. सलवारची नाडी बांधता येत नाही, आणि हे कुणाला सांगताही येत नाही.

साबुदाणा

मी नगरला बी.एस्सी. करते, केमिस्ट्री घेऊन. हॉस्टेलवर राहते. 'कमवा आणि शिका'मध्ये मला प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायचं काम मिळालं होतं. काम मला आवडायचं. धुतलेली परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरून बघायची, डाग नसला की स्टँडला उलटी लावायची. कुणी बघत नसलं तरी छान वाटायचं.

पहिल्यांदा बोटांच्या बेचक्यात खाज सुटली. मग बारीक फोड आले, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. ते फुटले की कातडं सोलायचं आणि खाली भेग पडायची. साबण लागला की झोंबायचं, मीठ लागलं की डोळ्यात पाणी यायचं. मेसमध्ये मी चमच्याने भात खाऊ लागले. एकदा शेजारच्या मुलीने तिचं ताट थोडंसं पलीकडे सरकवलं. त्या दुपारी मी सरकारी दवाखान्यात त्वचेच्या विभागात नंबर लावला.

डॉक्टर मॅडमनी माझे दोन्ही हात स्वतःच्या हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले. इतक्या दिवसांत माझ्या हातांना कुणी हात लावला नव्हता, म्हणून मला तेच जास्त जाणवलं.

"भांडी घासतेस?"

"धुते, मॅडम. लॅबमधली."

"एक्झिमा आहे. हातांचा."

मी पहिला प्रश्न विचारला तो असा, "दुसऱ्याला लागतो का?"

"नाही. ताटाला ताट लावून जेव."

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं. मग मी दुसरा प्रश्न विचारला, "केमिस्ट्री सोडावी लागेल का?"

त्यांनी माझे हात पुन्हा एकदा उलटून पाहिले. म्हणाल्या, "हात भरून आले तर नाही. भांडी धुणं आजपासून बंद. पण हात असेच राहिले तर पुढच्या वर्षीची प्रॅक्टिकल्स तुला झेपणार नाहीत. म्हणून सांगते ते नीट कर."

त्यांनी दोन ट्यूब दिल्या. एक लहान, ती औषधाची, थोडी थोडी आणि सांगतील तेवढेच दिवस लावायची. दुसरी मोठी, पांढऱ्या मलमाची. हात ओले झाले की पुसायचे आणि लगेच ती चोपडायची, दिवसातून कितीही वेळा. "लोक छोटीला मान देतात आणि मोठीला विसरतात," त्या म्हणाल्या. "तू उलटं कर."

"तायडे, वाच"

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले. नगरहून पाथर्डीपर्यंत एसटी, तिथून गावापर्यंत जीप. आई, भाऊ आणि वहिनी ऊसतोडीला कऱ्हाडकडे गेले होते. घरी फक्त तात्या, म्हणजे माझे वडील. कंबर गेल्यापासून ते तोडीला जात नाहीत. दोन शेळ्या सांभाळतात, दावी वळतात, आणि मी येणार असले की जीपच्या थांब्यावर तासभर आधीच येऊन बसतात.

तात्यांची एक सवय आहे. घरात येणारी छापील अक्षरांची कुठलीही वस्तू ते माझ्यापुढे धरतात आणि म्हणतात, "तायडे, वाच." ते स्वतः तिसरीपर्यंत शिकलेत. मी पाचवीत असल्यापासून त्यांना खताची गोणी, बिस्किटाचा पुडा, औषधाची बाटली, सगळं वाचून दाखवत आलेय. लेक शिकते याचं कौतुक म्हणून ते असं करतात, अशी माझी समजूत होती.

त्या संध्याकाळी त्यांनी माझे हात बघितले. नुसते भेगांवर फुंकर घालत बसले. मग मोठी ट्यूब बोटाने दाखवून म्हणाले, "वाच."

मागे काय काय घातलंय त्याची बारीक अक्षरं होती. मी एकेक वाचत गेले. पाणी, लिक्विड पॅराफिन, ग्लिसरीन, सेटोस्टिअरिल अल्कोहोल...

"थांब. मागचं परत म्हन."

"सेटोस्टिअरिल अल्कोहोल."

"अल्कोहोल म्हंजे त्ये सॅनिटायझरमधलं?"

"व्हय," मी म्हणाले.

कसं म्हणाले, ते अजून कळत नाही. 'व्हय' हा घरातला शब्द आणि अल्कोहोल हा कॉलेजातला. ते दोन्ही माझ्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहतात, आणि त्या खोल्यांमधलं दार मी सहसा उघडत नाही.

तात्यांनी ट्यूबजवळचा हात मागे घेतला.

इथे त्यांच्या शपथेचं सांगायला हवं. मी लहान असताना तात्या खूप प्यायचे. मग मोहट्याच्या देवीसमोर त्यांनी शपथ घेतली, "दारूला हात लावणार न्हाई." त्यांनी ती अक्षरशः पाळली. नुसतं पिणं सोडलं असं नाही. लग्नाकार्यात कुणी बाटली पुढे केली तर ते हात पाठीमागे बांधून उभे राहतात. कोरोनाच्या वर्षी ते अजून तोडीला जात होते. कारखान्याच्या गेटवर सगळ्यांच्या हातावर सॅनिटायझर टाकायचे. त्यात दारूच असते हे कुणीतरी सांगितल्यावर तात्यांनी हात पुढे करायचं बंद केलं आणि खिशात साबणाची वडी ठेवू लागले. मुकादम हसायचा. तात्या हात घासून घासून धुवायचे आणि त्याला दाखवायचे.

आता त्यांनी चुलीजवळचा चिमटा उचलला, ट्यूब चिमट्यात धरली आणि शेळ्यांच्या गोठ्यातल्या कोनाड्यात नेऊन ठेवली.

"हितं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "शेळ्यांनी काय शपथ घेतलेली न्हाई."

मी हसले. ते पण हसले, पण त्यांचं लक्ष कोनाड्याकडेच होतं.

"तुला न्हाई म्हनत न्हाई मी. औषध हाय, तू लाव. फकस्त तिकडं लाव, आन् हात धून घरात ये."

मलम हात धुतल्यावर लावायचं होतं, आणि लावल्यावर मला हात धुवायचे होते. दोन दिवस मी तसंही केलं. मग सोडून दिलं. शिवाय अल्कोहोलने कातडी कोरडी पडते असा एक व्हिडिओ मोबाईलवर पाहिला होता. तात्याही म्हणतात आणि मोबाईलही म्हणतो, मग खरंच असेल, असं वाटलं.

छोटी ट्यूब ठरल्या दिवसांनी संपली. मग हळद आणि खोबरेल तेल झालं. कोरफडीचा गर झाला. कडुलिंबाच्या कढत पाण्यात हात बुडवून झाले. तात्या रोज भाकरी दुधात कुस्करून वाटी माझ्यापुढे ठेवायचे. भेगा आणखी उघडल्या. एका सकाळी उजव्या हाताची बोटं सुजून मिटेनाशी झाली आणि ताप भरला.

शेळ्या शेजारच्या काकूंच्या हवाली करून तात्या मला घेऊन निघाले, आणि नगरपर्यंतच्या एसटीत त्यांनी माझे दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर घेतले आणि त्यांच्याभोवती आपले हात कुंपणासारखे धरले, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. माझ्या हातात पू झाला होता आणि तो त्यांच्या धोतराला लागत होता. त्याला त्यांनी हात लावायला मागेपुढे पाहिलं नाही.

जांभळं पाणी

मला दाखल करून घेतलं. स्त्रियांच्या वॉर्डात खिडकीकडची खाट मिळाली. सकाळी सलाईन, मग इंजेक्शन, मग जांभळ्या पाण्याच्या टबात हात बुडवून बसायचं. ते पाणी माझ्या ओळखीचं होतं. पोटॅशियम परमँगनेट. प्रॅक्टिकलला ब्युरेटमध्ये भरून थेंब थेंब सोडायचो तेच. मला उगाच बरं वाटलं, परगावी गावाकडचं माणूस भेटावं तसं. मग भीती वाटली की आता आमची भेट होणार ती अशीच.

भीती बहुतेक दुपारी यायची. जेवणं झालेली असायची, वॉर्ड सुस्त असायचा आणि मी पट्ट्या गुंडाळलेल्या हातांकडे बघत पडलेली असायची. केमिस्ट्री गेली तर काय, हेच डोक्यात घोळायचं. घरी कोयता होता. पण कोयता धरायलाही हात लागतातच.

माझ्या शेजारच्या खाटेवर श्रीरामपूरच्या मार्थाबाई होत्या. साखरेमुळे त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती. संध्याकाळी त्या डोळे मिटून प्रार्थना करायच्या. त्यात आधी त्यांच्या नातवंडांची नावं यायची, आणि दुसऱ्या दिवसापासून शेवटी "आन् या खिडकीजवळच्या लेकराचे हात" असं यायला लागलं. मला त्या आपल्या खाटेवर बसूनच भरवायच्या. मी लाजले की म्हणायच्या, "तोंड उघड. मला पाय नाय, तुला हात नाय, दोघीत एक माणूस पुरं होतंय."

तात्यांना वॉर्डात राहता येत नव्हतं. ते बाहेर व्हरांड्यात असायचे आणि भेटीच्या वेळेला आत यायचे. एकदा आले तर माझे केस बघून थांबले. तापात झोपून झोपून गुंता झाला होता.

"कोनी घालीना का येनी?"

"मार्थाबाईंना खाटेवरून उठता येत न्हाई, तात्या."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या पाठीमागे बसले आणि फणी घेतली. गुंता सोडवायला खूप वेळ लागला, पण एकदाही ओढलं नाही. मग तीन पेड केले आणि वळायला लागले. दावं वळतात तशी वेणी. इतकी घट्ट की माझ्या भुवया वर गेल्या.

मार्थाबाई बघत होत्या. "पाव्हणं," त्या म्हणाल्या, "पोरगी खुंट्याला बांधायची हाय का?"

"सुटाया नको म्हनून वळली जरा," तात्या म्हणाले.

समोरच्या खाटेवरच्या बाईसुद्धा हसल्या. त्यांना हसताना टाक्यांच्या जागी हात धरावा लागला. ती वेणी पुढे कितीतरी दिवस सुटली नाही. मला दुसरी घालायची गरजच पडली नाही.

आडनाव

डॉक्टर मॅडम फेरीला आल्या तेव्हा भेटीची वेळ होती आणि तात्या शेजारी उभे होते. मॅडमनी विचारलं, "मोठी ट्यूब लावत होतीस?"

मी तात्यांकडे पाहिलं. तात्याच बोलले. "मीच नको म्हनलो, डॉक्टरीनबाई. तिच्यात अल्कोहोल हाय. आमच्या घरात चालत न्हाई."

मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी तात्यांना बसायला स्टूल दिलं. म्हणाल्या, "काका, हे अल्कोहोल म्हणजे ते नव्हे. हे मेणासारखं असतं. पांढरं, घट्ट. खोबरेल किंवा पामच्या तेलापासून काढतात. मलमात पाणी असतं आणि तेल असतं, ते दोन्ही एकमेकांना सोडून जाऊ नयेत म्हणून हे घालतात. कातडी मऊ राहते. थोड्या लोकांना याचीही खाज येते, म्हणून आम्ही विचारत राहतो. पण याने कुणाला चढत नाही." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू केमिस्ट्रीची ना?"

मी खाली पाहिलं. तेव्हा कुठे ते दोन खोल्यांमधलं दार उघडलं. अल्कोहोल हे एका वस्तूचं नाव नाही, हे मी पहिल्याच वर्षी शिकले होते. कार्बनची साखळी आणि तिच्या टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी. दोन कार्बनची साखळी असली की ती दारूतली. साखळी वाढत वाढत सोळा-अठरा कार्बनपर्यंत गेली की पातळपणा जातो, झोंबणं जातं, उडून जाणं जातं. उरतं ते मेण. हे मी परीक्षेत लिहून आले होते. गुण पण मिळाले होते.

मॅडम गेल्यावर मी तात्यांना माझ्या पद्धतीने सांगितलं.

"तात्या, अल्कोहोल हे आडनाव हाय. आपल्या गावात निम्म्या घरांचं आडनाव एकच हाय का न्हाई? तसं. एका घरातला मानूस पितो म्हनून त्या आडनावाचे सगळे पित न्हाईत."

तात्यांनी स्टूल खाटेजवळ ओढलं. मग म्हणाले, "आपल्या आडनावातला पिनारा मीच हुतो."

मला तसं म्हणायचं नव्हतं. पण ते हसत होते. "तू म्हनती तर तसंच आसंल," ते म्हणाले.

तेवढ्यात सिस्टर मोठी ट्यूब घेऊन आली आणि माझ्या डाव्या हाताला मलम लावायला लागली. तात्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

घरी सोडायची वेळ जवळ आली तेव्हा मॅडमनी सांगितलं, अजून काही आठवडे मला स्वतःला लावता येणार नाही. एका हाताने दुसऱ्याला चोळलं तर भेगा परत उघडतील. दुसऱ्या कुणीतरी हलक्या हाताने, दिवसातून पुष्कळ वेळा लावायला हवं. "घरी कोण आहे?"

"तात्या," मी म्हणाले.

त्या रविवारी आईचा फोन आला. मार्थाबाईंनी फोन माझ्या कानाशी धरला. मी आईकडे तक्रार केली. डॉक्टर सांगतात, मी सांगते, तरी तात्यांना पटत नाही, देवी काय मलमावर रागावणार आहे का, असं मी म्हणाले.

पलीकडे फडावरचा गलका ऐकू येत होता. आई जरा बाजूला गेली असावी, कारण तिचा आवाज जवळ आला.

"तुझ्या बापाला देवीची भीती न्हाई, तायडे. त्याला सोताची भीती वाटती."

"म्हंजे?"

"तू ल्हान हुती, तुला ठाव न्हाई. त्यानं आधी बी यकदा सोडली हुती. वरीसभर. मंग खोकला झाला, कुनीतरी औषदाची बाटली दिली. त्यात हुतं. त्याला म्हाईत न्हवतं. जिभेला लागलं आन् परत सगळं सुरू झालं. औषद म्हनूनच सुरू झालं हुतं. शपथ त्याच्यानंतर घेतली." ती थांबली. "तुला समदं वाचाया का लावतो मंग? कवतिक म्हनून?"

मी कान फोनला आणखी टेकवला.

"कवतिक बी हाय," आई म्हणाली. "पर तू त्याची राखन हायस."

मार्थाबाईंनी फोन बाजूला ठेवला. माझे डोळे त्यांनी त्यांच्या पदराने पुसले, कारण मला पुसता येत नव्हते.

आता मला माझ्या हातांपेक्षा वेगळीच भीती वाटायला लागली. मी बरोबर होते, केमिस्ट्री बरोबर होती. पण तात्यांनी माझ्यासाठी त्या ट्यूबला हात लावला आणि मनातून त्यांना शपथ मोडली असंच वाटलं तर? एकदा मोडलीच म्हणून माणूस पुढे काय करतो, ते मला सांगायला नको होतं. माझे हात बरे करायला मी त्यांना तिथे परत ढकलायचं का?

मी ठरवलं, त्यांना लाव म्हणायचं नाही. फक्त ती वस्तू काय आहे ते दाखवायचं.

घरी जायच्या दिवशी आम्ही आधी कॉलेजात गेलो. तात्यांना बाहेरच्या बाकावर बसवून मी आमच्या केमिस्ट्रीच्या सरांना सगळं सांगितलं. सर हसले नाहीत. कपाटातून त्यांनी एक बरणी काढली आणि चिमूटभर पांढरे पापुद्रे कागदात बांधून दिले. सेटिल अल्कोहोल. मलमातलं तेच कुळ. "खायचं मात्र नाही," एवढंच म्हणाले. पुडी मी ओढणीच्या टोकाला बांधून घेतली.

पुढचं आधी सांगून टाकते

माझे हात आता बरेच भरून आले आहेत. पूर्ण नाही. थंडीत परत फुटतात, आणि बहुतेक आयुष्यभर मला ते सांभाळावे लागतील. प्रॅक्टिकलला मी आत सुती आणि वर रबरी असे दुहेरी हातमोजे घालते. मुलं मला सर्जन म्हणतात. भांडी धुण्याऐवजी मला वाचनालयात काम मिळालं. मार्थाबाईंचा पाय वाचला. रविवारी चर्च सुटलं की त्या मला फोन करतात आणि आधी हातांची चौकशी करतात.

हे वाचणाऱ्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे. औषधावरच्या एखाद्या शब्दाची भीती वाटली तर औषध बंद करण्याआधी तो शब्द डॉक्टरांना विचारा. विचारताना लाजू नका. आणि घरातलं कुणी नको म्हणत असेल तर त्याला अडाणी म्हणण्याआधी, ते नको का म्हणतात तेही विचारा. मी तात्यांना ते कधी विचारलंच नव्हतं.

आता घरी आल्यानंतरच्या सकाळचं.

पळी

मी चुलीसमोर बसले होते. तात्यांनी शेळ्यांना पाला टाकला आणि आत आले. मी म्हणाले, "तात्या, ओढणीची गाठ सोडा जरा. त्यात यक पुडी हाय."

त्यांनी गाठ सोडली, पुडी जमिनीवर ठेवली आणि कागद काडीने उलगडला.

"ह्ये काय?"

"ट्यूबवरचं त्ये नाव. मलमात घालायच्या आधी असं असतंय."

ते वाकून बघत राहिले. मग खाली बसले, नाक जवळ नेलं. दारूचा वास तात्यांना किती लांबून येतो ते मला माहीत आहे. पाहुण्याच्या बंद पिशवीतला सुद्धा येतो. त्यांनी परत एकदा हुंगलं.

"वासच न्हाई," ते म्हणाले.

मग त्यांनी आपण होऊन लोखंडी पळी आणली, काडीने पापुद्रे तिच्यात ढकलले आणि पळी निखाऱ्यावर जरा वर धरली. पापुद्रे वितळले. पाण्यासारखं स्वच्छ झालं. त्या क्षणी तात्यांचा चेहरा बदलला. वितळलेलं ते हातभट्टीच्या पहिल्या धारेसारखंच दिसत होतं. त्यांनी पळी बाजूला घेऊन जमिनीवर ठेवली. आम्ही दोघं बघत बसलो. हळूहळू कडेकडेने ते पांढरं पडत गेलं, आणि शेवटी थिजलेल्या तुपासारखा एक गोळा पळीत उरला.

तात्यांनी काडीने तो टोचला.

"मेनबत्ती," ते म्हणाले.

"तशीच."

ते उठले आणि गोठ्यात गेले. परत आले तेव्हा चिमट्यात जुनी ट्यूब होती. तिचं टोपण चावून चपटं झालं होतं आणि अर्धं मलम गायब होतं.

"शेळीनं खाल्लं," तात्या म्हणाले. बराच वेळ त्या ट्यूबकडे बघून पुढे म्हणाले, "तिला काय चढली न्हाई."

मला हसू आवरेना. हसताना हात पोटाशी धरायची सवय, ते तसे धरले आणि भेगा ताणल्या. मी "आई गं" म्हणाले. तात्यांचं हसणं थांबलं.

"तात्या," मी म्हणाले, "तुमी न्हाई लावलं तरी चालंल. खरंच. मी शेजारच्या काकूंना बोलवती. आईनं सांगितलं मला, खोकल्याच्या औषदाचं."

ते चुलीकडे बघत राहिले. मी नको ते बोलले असं मला वाटलं. निखाऱ्यावर राख चढत होती.

"मी देवीला काय म्हनलो हुतो?" त्यांनी विचारलं. "दारूला हात लावनार न्हाई. पोरीच्या हाताला हात लावनार न्हाई, असं कुटं म्हनलो हुतो?"

त्यांनी माझ्या पिशवीतून नवी ट्यूब काढली. चिमट्याशिवाय, हाताने. टोपण उघडायला त्यांना वेळ लागला. मलम बोटावर घेतलं. माझा उजवा हात आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि करंगळीपासून सुरुवात केली. दावी वळून वळून त्यांची बोटं खरखरीत झाली आहेत, पण त्या दिवशी मला त्यांचा खरखरीतपणा कुठेच लागला नाही. वेणीचा गुंता सोडवला होता तसंच, न ओढता.

उजवा हात झाला. मग ते थांबले. मलम लागलेली स्वतःची बोटं त्यांनी नाकाजवळ नेली आणि तशीच धरून ठेवली. डोळे मिटलेले. दारात कुणी येतंय का याचा कानोसा घ्यावा तसे ते बसले होते. मी त्यांच्याकडे बघत होते. गोठ्यात शेळी ओरडली, गप्प झाली. ते अजून तसेच.

मग त्यांनी डोळे उघडले.

"काय न्हाई," ते म्हणाले. "आन तो दुसरा हात."